मिरवणुकीपलीकडच्या खुर्च्या

आर्लो ट्वेटचा एकही धड फोटो आमच्या टोर्सन गावात कुणाकडे सापडायचा नाही. त्यात गावाचा दोष नाही. चार जुलैच्या, म्हणजे आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे फोटो काढून फेसबुकवर गावाच्या पानावर टाकायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे आणि मी काही हयगय करणारी बाई नाही. माझ्या फोटोंत अख्खं गाव सापडेल. मेयरबाईंची नको तेवढी लाल टोपी सापडेल, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या पेंगणारी पोरं सापडतील, पाद्रीबुवांच्या पांढऱ्या शर्टावर सांडलेली मोहरीची पिवळी चटणीसुद्धा सापडेल. आर्लो मात्र कुठे नुसतं कोपर, कुठे टोपीचा शेंडा, कुठे एक धुरकट पट्टा. "आर्लो, इकडे बघ!" असं मी ओरडेपर्यंत हा बाबा बंबखान्यापर्यंत पोचलेला असतो.

वर्षातून एकदाच तो जागेवर उभा राहतो. मिरवणुकीच्या पुढे म्हातारे सैनिक झेंडा घेऊन येतात, तेव्हा सगळं गाव खुर्च्यांतून उठतं, टोप्या काढतं. आर्लोही टोपी छातीशी धरून खांबासारखा उभा असतो. पण तेव्हा माझाही हात छातीवर असतो, कॅमेऱ्यावर नाही. झेंडा पुढे गेला की मी कॅमेरा उचलते आणि तो पसार.

माझं नाव मार्लिस. मेन स्ट्रीटवर माझं केस कापायचं दुकान आहे. आधी आई चालवायची, आता मी. गावातला न्हावी दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला, तेव्हापासून पुरुषही माझ्याच खुर्चीत बसतात आणि एरवी बायकांना चुगलखोर म्हणणारे हे लोक तिथे बसले की काय काय ओकतात ते मला विचारा. आर्लो धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करतो. पासष्टी उलटली तरी निवृत्तीचं नाव नाही. माझ्या खुर्चीतही त्याला चैन नसतं. मान वळव, पाय हलव, "कोण गेलं गं रस्त्यावरून?" म्हणून उठून बघ. त्याच्या उजव्या कानावर माझ्या कात्रीची खूण आहे आणि ती त्याने स्वतःच्या हट्टाने करून घेतलेली आहे.

लोक म्हणतात, ट्वेटच्या पायाला भिंगरी आहे. मला तसं कधीच वाटलं नाही. ज्याचं काही हरवलंय तो माणूस असाच घरभर फिरतो.

काय हरवलंय ते गावाला माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. आर्लो अडीच-तीन वर्षांचा होता तेव्हा ऐन फेब्रुवारीत त्यांचं शेतावरचं घर जळालं. बाप, हाल्व्हर, गावात आला होता. आईने पोराला खिडकीतून बाहेर बर्फात टाकलं आणि ती आतच राहिली. घराबरोबर सगळं गेलं, तिचं एक चित्रदेखील उरलं नाही. तिचं नाव लिओना. ती अनाथाश्रमात वाढलेली, म्हणजे माहेरचं कपाट उघडून फोटो मागावा असं माहेरही नाही. लग्न दोघांनी पळून जाऊन कोर्टात केलेलं. हाल्व्हर पुढे तीस वर्षं जगला, पण तिच्याबद्दल एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही. आमच्याकडचे पुरुष तसेच. ट्रॅक्टरबद्दल दोन तास बोलतील.

एवढी वर्षं आर्लोने हे दुखणं पायात जिरवलं. मग गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलीला, कारीला, मुलगी झाली आणि सगळं वर आलं.

मेबल असं त्या पोरीचं नाव. हनुवटीला अशी खोल खळी, की बोट ठेवावं तर रुतेल. आता बाळ बघायला आलेल्या बायका काय करतात? कान आजीचे, नाक बापाचं, वाटणी सुरू. चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी बाबागाडीभोवती हा घोळका, आणि कुणीतरी म्हणालं, "ही खळी कुणाची गं? ट्वेटांत नाही, जेनिसच्या माहेरी नाही, जावयाकडे नाही."

जेनिस म्हणजे आर्लोची बायको. ती पटकन म्हणाली, "देवाची असेल. कॉफी घ्या."

आर्लो मागे बटाट्याच्या सॅलडची ताटली घेऊन उभा होता. त्याने ताटली होती तिथे ठेवली आणि बाहेर निघून गेला. खिडकीतून मला दिसत होतं, चर्चभोवती तो फेऱ्या मारत होता. बाहेर नाक गोठेल अशी थंडी होती आणि कोट आत खुंटीवर.

त्यानंतर तो गावातल्या म्हाताऱ्यांना गाठत सुटला. लाजाळू माणूस, पण विचारायचा. लिओना कशी होती? एक म्हणे, "गोड पोर होती रे." दुसरी म्हणे, "शांत होती. तिच्या हातची रुबार्बची पाय-पेस्ट्री काय व्हायची!" एक म्हणे उंच होती, दुसरा म्हणे छे, हाल्व्हरच्या खांद्यालाही लागत नव्हती. केस कुणी काळे सांगितले, कुणी तांबूस. चार वर्षं ती या गावात राहिली, बाजारात आली, चर्चमध्ये गायली, आणि तिचा चेहरा कुणालाही सांगता येईना. मला त्या म्हाताऱ्यांचा राग आला. पेस्ट्रीची चव आठवते मेल्यांना.

मे महिन्यात तो केस कापायला आला. या वर्षी गावाला सव्वाशे वर्षं पुरी होत होती, म्हणून मी पानावर लिहिलं होतं की घरोघरचे चार जुलैचे जुने फोटो पाठवा, बंबखान्यात लावू. ढिगाने आले होते. मी ते माझ्या फोनवर त्याला दाखवत होते, निदान तेवढा वेळ त्याची मान सरळ राहील म्हणून.

एका फोटोवर तो थांबला. गेल्याच वर्षीचा, रस्त्यापलीकडच्या कुणीतरी काढलेला. पुढे हिरवा ट्रॅक्टर, मागे आमच्या बाजूची माणसं.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"ट्रॅक्टरवाला? लार्सनचा धाकटा."

"तो नाही गं. मागे. हा पट्टा."

"तो तू आहेस. नेहमीसारखा पळत असलेला. आणि ती खुर्चीत कारी."

तो म्हणाला, "पण माझा फोटो काढायला कुणी उभं नव्हतं."

"ट्रॅक्टरचा काढला, तू मागे आलास. त्यात काय?"

त्याने सटकन मान वळवली. कात्री थोडक्यात चुकली. "मार्लिस, आमच्या खुर्च्या कुठे असतात?"

काय प्रश्न! टोर्सनमध्ये जागा चुकत नाहीत. मिरवणुकीच्या दोन दिवस आधी लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या आणून फुटपाथवर मांडतात आणि सुतळीने एकमेकींना बांधून ठेवतात. कुणी चोरत नाही, कुणी सरकवत नाही. ज्याच्या आजोबाची खुर्ची जिथे होती तिथेच नातवाची. एकदा एका नव्या दंतवैद्याने न कळून दुसऱ्याच्या जागी खुर्ची मांडली, तर लोकांनी वर्षभर दात दुखले तरी सहन केले.

"बँकेच्या घड्याळाखाली," मी म्हटलं. "तुझ्या आजोबापासून."

"म्हणजे ती पण तिथेच बसली असणार. दर चार जुलैला. आणि समोरून मिरवणुकीचे फोटो काढणाऱ्याच्या फोटोत..."

मी कात्री खाली ठेवली. आम्ही दोघांनी एकदमच खिडकीतून रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे हार्डवेअरच्या दुकानापुढची जागा, जी पिढ्यान्पिढ्या हॉगनांची.

"त्या काळी कॅमेरा होता का त्यांच्याकडे?" आर्लोने विचारलं.

"अरे, त्या काळी पलीकडच्या बाजूला फक्त त्यांच्याकडेच होता."

हॉगनांच्या घरात आता लॉरेटा. माझ्याहून थोडी मोठी, शाळेपासूनची माझी मैत्रीण, दर शुक्रवारी केस सेट करायला येणारी. हात सोन्याचे, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की घरातल्या प्रत्येक वस्तूला तिची झळ लागते. मागे एकदा विणकाम शिरलं तेव्हा तिने टपालपेटीलाही स्वेटर घातला होता.

अर्धे केस कापलेल्या अवस्थेतच आर्लोला घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले. तिने आधी त्याच्या डोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे काय? नवी फॅशन?"

मी सगळं सांगितलं. तिचे डोळे चमकले. "बाबांचे फोटो? अरे, सगळे आहेत! या, बसा. आर्लो, बस की रे. नाही बसत? बरं, उभा राहा." आतून तिने एक जाडजूड चिकटवही आणली. वर कापडी झेंडा शिवलेला. "दोन हिवाळे खपले बरं का. आम्हा बायकांचा गट जमायचा तळघरात. एकेक पान बघा नुसतं."

तिने पान उलटलं.

निळ्या कागदावर चांदण्या. लाल कागदावर चांदण्या. प्रत्येक चांदणीत एक हॉगन. हातात आइस्क्रीम धरलेला हॉगन, सायकलवरचा हॉगन, गवताच्या गाडीवर कागदी मुकुट घालून बसलेली पाच वर्षांची लॉरेटा. नीट, गुळगुळीत, नखाएवढीही चूक न करता कापलेले. माणसाच्या मागचं सगळं गेलेलं. ना रस्ता, ना बँक, ना घड्याळ, ना समोरच्या खुर्च्या.

"कटर मिळतो त्याचा," लॉरेटा सांगत होती. "दाबला की झाली चांदणी. नाहीतर किती फापटपसारा असतो जुन्या फोटोंत! कोण कुठली माणसं..."

मग तिचं तिलाच ऐकू आलं.

"कापलेल्या कडा?" मी विचारलं.

"कचऱ्यात."

"निगेटिव्ह?"

"प्रिंट असताना ते कशाला ठेवायचे गं..." तिचा आवाज बारीक झाला, आणि बारीक झाला म्हणूनच पुढच्या क्षणी चढला. "माझ्या बापाचे फोटो होते! मी काय गावाला विचारून कापायचे का?"

"लॉरेटा, तुला ना, अक्कल—"

"मार्लिस," आर्लो म्हणाला. बास, एवढंच. त्याने चिकटवही मिटली, वरच्या झेंड्यावर हात फिरवला, "छान केलीय," म्हणाला आणि बाहेर पडला. तसाच, अर्ध्या डोक्याने. कोठाराच्या दिशेने नाही, घराच्या दिशेनेही नाही. गावाबाहेरच्या रस्त्याने, मक्याच्या शेतांकडे.

मी थांबून लॉरेटाला आणखी चार गोष्टी सुनावल्या. तिनेही मला सुनावल्या. त्यात शाळेतलं काय काय निघालं ते इथे सांगत नाही. पुढच्या शुक्रवारी ती केस सेट करायला आली नाही. त्याच्या पुढच्याही. चर्चमध्ये डोक्याला रुमाल बांधून बसली. गावात तिचे केस दुसरं कोण करणार!

जून असाच गेला, डोक्याला ताप. इतर घरांतले फोटो मी पुन्हा चाळले. पण आमच्या बाजूच्या लोकांनी काढलेल्या फोटोंत पलीकडची बाजू, आणि पलीकडच्या बाजूला कॅमेरा एकच, तो हॉगनांचा. आर्लो दर दोन दिवसांनी दुकानाच्या काचेवर टकटक करायचा. आत यायचा नाही. मी मान हलवायची, तो पुढे जायचा. जेनिस मला म्हणाली, "रात्री उठून गॅरेजमध्ये पाने-हातोड्या लावत बसतो. परवा म्हणतो, 'मेबल मोठी होऊन विचारेल तेव्हा काय सांगू? देवाची खळी?' मी म्हटलं, झोप. तर म्हणतो, 'मला तिचा चेहरा एकदा बघायचाय, जेनिस. एकदाच. मी मेल्यावर वर गेलो तर ओळखायचं कसं तिला?'"

हे ऐकून मी दुकानाचं दार लावून रडले. आता रडले तर रडले.

चार जुलै उजाडला तो असा तापलेला. वारा होता पण भट्टीतला. मका गुडघ्याच्या वर गेला होता, म्हणून शेतकरी खुश, बाकी सगळे घामाघूम. खुर्च्या दोन दिवसांपासून बांधलेल्याच होत्या. बँकेच्या घड्याळाखाली ट्वेटांच्या चार. कारी बसली, जेनिस बसली, जावई बसला, आणि चौथी रिकामी, दरसालसारखी. आर्लो बाबागाडी ढकलत गर्दीच्या मागून येरझाऱ्या घालत होता. मेबलचं तेवढंच निमित्त.

"अरे पोर भोवळून पडेल," मी ओरडले. "बस की जरा!"

"तिला वारा लागतो," म्हणाला आणि गेला.

झेंडा आला. सगळे उठलो. झेंडा गेला, बसलो. शाळेचा बँड निम्मा सूर, निम्मा उत्साह असा वाजत गेला. मग ट्रॅक्टर सुरू झाले आणि पोरं वरून उधळलेल्या लिमलेटच्या गोळ्या वेचायला वाकली. मी फोटो काढत होते. कॅमेऱ्याच्या चौकटीत मला रस्त्यापलीकडे लॉरेटा दिसली. खुर्चीत बसली नव्हती. उभी होती, फोन नाकाला लावल्यासारखा धरून. मग तिने मान वर केली आणि हात हलवायला लागली. मला? तिच्याशी तर माझं बोलणं नव्हतं. मी मान फिरवली.

आमच्या गावात लिहिलेला नसला तरी एक कायदा आहे. मिरवणूक चालू असताना रस्ता ओलांडायचा नाही. घोडे बुजतात, ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. मेयरबाईंचा नवराही एकदा पलीकडे अडकला तर शेवटच्या गाडीपर्यंत तिथेच उभा राहिला होता. आणि लॉरेटा हॉगन, जिने आयुष्यात कधी रेघेबाहेर रंग भरला नाही, फुटपाथवरून उतरली आणि दोन ट्रॅक्टरांच्या मधून चालत सुटली.

भोंगे वाजले. लार्सनच्या धाकट्याने करकचून ब्रेक दाबला. "ओ काकू! मरायचंय का?"

"थांब रे जरा, मेला नाहीस तू!" लॉरेटा त्याच्याकडे न बघताच ओरडली. केसांचा पार पक्ष्याचा खोपा झालेला. माझ्यापुढे येऊन धापा टाकत उभी राहिली. "तो कुठाय?"

"कोण?"

"कोण काय कोण! आर्लो!"

"कशाला हवा?"

"मार्लिस, भांडण नंतर करू. ग्वेनने पाठवलाय."

ग्वेन म्हणजे लॉरेटाची ओरेगनमधली चुलत बहीण. आजीच्या चिनी मातीच्या बश्या कुणाच्या यावरून या दोघी कित्येक वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. लॉरेटाने श्वास खात खात सांगितलं ते असं. तिच्या बापाचा धाकटा भाऊ गाव सोडून ओरेगनला गेला, तेव्हा बापाला त्याचा भयंकर राग आला होता. म्हणून दर चार जुलैच्या फोटोंची एक एक जादा प्रत काढून तो त्याला टपालाने पाठवायचा, गाढवाला कळू दे आपण काय सोडून गेलो ते. हे लॉरेटाला जूनमध्ये एका रात्री आठवलं. तीन दिवस तिने फोन उचलला आणि खाली ठेवला. चौथ्या दिवशी केला. ग्वेनने आधी पोटभर ऐकवून घेतलं, मग म्हणाली की बापाची खोकी गॅरेजमध्ये आहेत, पण बोटीच्या मागे, वेळ लागेल.

"बश्या दिल्या तिला," लॉरेटा म्हणाली. "सगळ्या. आता सकाळी आला हा. अख्खा आहे गं, मार्लिस. कुणी कापलेला नाही."

त्या बश्यांसाठी या बाईने सख्ख्या काकाच्या अंत्ययात्रेला जायचं टाळलं होतं.

आर्लोला शोधायला लागलं नाही. त्याची फेरी परत येतच होती. लॉरेटाने काही न बोलता फोन त्याच्या हातात दिला. मी त्याच्या खांद्यावरून वाकले. कारी आणि जेनिसही उठून आल्या.

काळापांढरा फोटो, नक्षीदार कडांचा. मध्ये गवताची गाडी, त्यावर मुकुट घातलेली लॉरेटा मूठभर गोळ्या उधळतेय. मागे बँक. वर घड्याळ. घड्याळाखाली खुर्च्या.

आर्लोच्या बोटांना ग्रीस होतं, फोटो मोठा होईना. लॉरेटाने तिच्या बोटांनी केला.

हाल्व्हर होता, तरणाबांड, टोपी मागे सरकवून गाडीकडे बघत हसणारा. मी त्याला हसताना कधी पाहिलंच नव्हतं. शेजारी एक बाई. ठिपक्यांचा झगा, मांडीवर गुबगुबीत पोर. पोराचा एक हात गोळ्यांसाठी हवेत. आणि बाईची मान खाली. केसांतला सरळ भांग दिसत होता. एक कान, गालाची थोडी रेघ. एक हात पोराच्या छातीवर, पुढे पडू नये म्हणून. बाकीचा चेहरा पोराच्या डोक्यामागे. डोळे नाहीत, ओठ नाहीत. हनुवटी तर नाहीच.

माझा जीव इतका खट्टू झाला की काय सांगू. एवढं सगळं करून एक भांग!

लॉरेटाच्या डोळ्यांत पाणी होतं. "चेहरा नाही रे दिसत," ती म्हणाली. "मी ग्वेनला विचारलं. हिचा एवढा एकच आहे. दुसऱ्या वर्षांच्यात गाड्याच मध्ये आल्यात. सॉरी, आर्लो."

आर्लोने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मिरवणूक चालली होती. बंब आला, त्याने पोरांवर पाणी उडवलं, आमच्यावरही चार थेंब आले. तो हलला नाही. माझ्या एकदम लक्षात आलं की हा माणूस बराच वेळ एका जागी उभा आहे.

"सगळे गाडीकडे बघतायत," तो शेवटी म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं. "हाल्व्हर बघ कसा हसतोय."

"अख्खी रांग. ही बघ, ही, हा. सगळे." त्याने काळ्या नखाने त्या वाकलेल्या डोक्यावर बोट ठेवलं. "ही नाही बघत."

"नाही."

"ही माझ्याकडे बघतेय."

जेनिसने तोंडावर हात धरला. लॉरेटाने माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

"अख्खी मिरवणूक चाललीय पुढून," आर्लो म्हणाला, "आणि ही माझ्याकडे बघत बसलीय." त्याने नाक पुसलं, ग्रीस नाकाला लागलं. मग त्याने फोन लॉरेटाला परत दिला, बाबागाडीतून मेबलला उचललं, आणि घड्याळाखालच्या त्या चौथ्या खुर्चीत जाऊन बसला.

नुसता बसला. पाय हलत नव्हते. मेबल मांडीवर, त्याचा हात तिच्या छातीवर. घोडे आले. ती पोर दोन्ही हात वर करून किंचाळली. सगळी रांग घोड्यांकडे बघत होती, कारी, जेनिस, जावई, बाजूचे लार्सन, सगळे.

मी कॅमेरा उचलला. "आर्लो, इकडे बघ!" सवयीने ओरडले.

त्याने बघितलं नाही. त्याची मान खाली होती. मी फोटो काढला.

लॉरेटाने माझ्या खांद्यावरून बघितलं. "अगं, चेहरा नाही आला त्याचा. टोपीच आलीय. पुन्हा काढ."

"राहू दे," मी म्हटलं. "आणि तू उद्या सकाळी दुकानात ये. त्या डोक्याचं काहीतरी करायला हवं."

तो फोटो मी त्याच दुपारी गावाच्या पानावर टाकला. कडा कापल्या नाहीत. डावीकडे कुणाचं तरी अर्धं तोंड आलंय, उजवीकडे कुणाची पाठ, मागे बँकेच्या काचेपाशी चार-पाच माणसं आहेत. ती कोण आहेत ते मी बघितलं नाही. ज्यांना लागतील ते शोधतील.